भाच्याचा पीसी, कॅबिनेटसोबत फुकट आलेलं ५०० वॉटचं एसएमपीएस आणि ११.३१ व्होल्ट

झालं असं की एप्रिलात ताईचा फोन आला, तक्रार कॉम्प्युटरची नव्हतीच, पोराची होती. दोन रविवार तो त्या मशीनसमोर बसून आहे, चिडचिड करतोय, जेवायला हाक मारली तर ओरडतो, तू एकदा येऊन बघ. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, घर पुण्यात नारायण पेठेत, जुनी बिल्डिंग, दुसरा मजला. गेलो तर पठ्ठ्या कॅबिनेटचं साइड पॅनल काढून जमिनीवर बसलेला आणि शेजारी टेबल फॅन लावलेला, थेट मदरबोर्डवर. म्हणलं काय ऑपरेशन चाललंय.

मशीन त्याने स्वतः असेंबल केलेलं, वर्षभरापूर्वी. आय५-१२४०० प्रोसेसर, साधा बोर्ड, १६ जीबी रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी आणि घरातल्या जुन्या पीसीमधली हार्डडिस्क. ग्राफिक्स कार्ड तेव्हा बजेटमध्ये बसलं नव्हतं, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर काम चालू होतं. कॅबिनेट घेताना दुकानदाराने '५०० वॉटचं एसएमपीएस फ्री' दिलं (एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय, भिंतीतली वीज मशीनला लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलून देणारा डबा) आणि वर्षभर त्याने खरंच काही त्रास दिला नाही, हे मुद्दाम सांगतोय कारण पुढचा सगळा घोळ याच्यामुळेच झाला. जे वर्षभर नीट चाललं त्याच्यावर कोण संशय घेणार. मग मार्चमध्ये त्याने सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेतलं, एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं. ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) आणि कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी असं ताईला सांगितलेलं. गेमसाठी हे मला माहिती होतं आणि ताईलाही माहिती असणार.

कार्ड लावल्यापासून दुखणं सुरू. डेस्कटॉपवर, यूट्यूबवर, कोडिंग करताना काही नाही. गेम चालू केला की पाच मिनिटांत, कधी अर्ध्या तासात स्क्रीन काळी आणि मशीन आपोआप रिस्टार्ट. ब्लू स्क्रीन नाही, एरर नाही, काहीच नाही. सकाळी कमी, दुपारी जास्त. पोराने दोनदा विंडोज टाकलं, ड्रायव्हर पाच प्रकारचे बदलले, रॅम खोडरबरने घासून स्लॉट बदलले आणि शेवटी कार्ड विकणाऱ्या मुलाशी भांडून झालं की तू मला क्रिप्टो मायनिंगमध्ये पिळून काढलेलं खराब कार्ड गळ्यात मारलंस. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बघितलं तर प्रत्येक वेळेस 'कर्नल-पॉवर ४१' ची नोंद. याचा अर्थ एवढाच की सिस्टीम नीट शटडाउन न होता बंद पडली, कशामुळे ते त्यात नसतं. पण ब्लू स्क्रीनही नाही आणि डंप फाइलही (क्रॅश होताना विंडोज लिहून ठेवतं ती नोंद) नाही म्हणजे विंडोजला मरताना दोन शब्द लिहायलाही वेळ मिळालेला नाही, वीजच गेलीय असं धरून चालायला हरकत नाही. मी म्हणलं, एसएमपीएस बघू.

"मामा, ते ५०० चं आहे. सगळं मिळून साडेतीनशेच्या वर जात नाही, मी बेरीज केलीय."

आणि गंमत म्हणजे त्याची बेरीज बरोबर होती. १२४०० ला इंटेलने ६५ वॉट बेस आणि टर्बोमध्ये जास्तीत जास्त ११७ वॉट दिलेत. ३०६० चे १७० वॉट. हे झाले २८७. बोर्ड, रॅम, एसएसडी, हार्डडिस्क, तीन पंखे मिळून ४५-५० धरा. म्हणजे सगळं एकाच वेळी बोंबलत पळालं तरी ३३५ च्या आसपास, आणि गेममध्ये प्रोसेसर कधीच पूर्ण ११७ घेत नाही, साठ-सत्तरवर असतो, म्हणजे प्रत्यक्षात २९० च. बेरीज चुकली नव्हती, ज्या ५०० मधून तो ती वजा करत होता ते ५०० च खोटे होते.

एसएमपीएसचं स्टिकर कॅबिनेटच्या आतल्या बाजूला वळलेलं, मोबाइलचा टॉर्च मारून फोटो काढला. डब्यातून तीन वेगवेगळ्या व्होल्टच्या लाइन निघतात, प्रत्येकीची ताकद त्यावर लिहिलेली. ३.३ व्होल्टवर १८ अँपिअर, ५ व्होल्टवर २० अँपिअर, १२ व्होल्टवर १६ अँपिअर. आता व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, हे दहावीचं गणित. ५९, १०० आणि १९२. सगळी बेरीज मारूनमुटकून ३५१. ५०० कुठून आले ते छापणाऱ्यालाच ठाऊक. पण खरी गोम ३५१ मध्येही नाही, १९२ मध्ये आहे. पेंटियम ४ यायच्या आधी प्रोसेसर ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनवरून करंट घ्यायचे, त्यामुळे त्या काळच्या पॉवर सप्लायमध्ये त्या लाइन दणकट असायच्या. आता प्रोसेसर १२ व्होल्टवरून घेतो, कार्ड १२ व्होल्टवरून घेतं, पंखे १२ वर, ५ आणि ३.३ वर एसएसडी, यूएसबी असली किरकोळ मंडळी उरलीत. हे फुकटातलं एसएमपीएस अजूनही जुन्या हिशोबाने वाटणी करतंय. म्हणजे घरात पाणी आहे पण सगळं गच्चीवरच्या टाकीत आणि नळ तळमजल्यावर कोरडा.

गेम चालू असताना १२ व्होल्टच्या लाइनवर नुसतं कार्ड आणि प्रोसेसर धरून २४० वॉट, म्हणजे २० अँपिअर. लाइन १६ ची. तेही स्टिकरवर विश्वास ठेवला तर. कार्ड नव्हतं तेव्हा तीच लाइन सहा-सात अँपिअरवर आरामात होती, म्हणून वर्षभर सुखाचं गेलं.

नुसतं गणित सांगून पोरगं ऐकणार नव्हतं, त्यामुळे मल्टिमीटर आणला. तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून कधीतरी घेतलेला साधा पिवळा मीटर. एक मोकळा मोलेक्स (जुन्या हार्डडिस्कना वीज देणारा चार पिनचा पांढरा कनेक्टर) बाहेर काढला, १२ व्होल्टच्या पिवळ्या तारेत लाल प्रोब, काळ्यात काळा. पीसीच्या पॉवर सप्लायचं जे एटीएक्स स्टँडर्ड आहे त्याप्रमाणे १२ व्होल्टची लाइन पाच टक्क्यांच्या आत राहायला पाहिजे, म्हणजे खाली ११.४ आणि वर १२.६. डेस्कटॉपवर मीटर ११.९२ दाखवत होता, ठीक. नुसती प्रोसेसरची टेस्ट लावली, ११.७८. ती चालू ठेवून कार्डावर फरमार्क, म्हणजे कार्डला पूर्ण ताण देणारी टेस्ट, सोडलं. ११.५२, ११.४४, ११.३७... भाचा मांडी घालून मीटरकडे एकटक बघतोय, ११.३१ दिसलं आणि खट्, स्क्रीन गेली, पंखे थांबले, परत सुरू झाले. तो काही बोलला नाही, टेबल फॅन मात्र स्वतःच बंद केला.

मग कार्डची वायर बघितली आणि खरं सांगतो घाम फुटला. कार्डला एक ८ पिनचा सॉकेट होता आणि त्या एसएमपीएसला कार्डसाठीची वायरच नव्हती, त्यामुळे दोन मोलेक्समधून एक ८ पिन करणारा कन्व्हर्टर लावलेला. ८ पिनमधून कार्ड १५० वॉटपर्यंत घेऊ शकतं, बोर्डावरच्या स्लॉटमधून ७५ पर्यंत. आपल्या केसमध्ये त्या ८ पिनवर साधारण १२०-१२५ वॉट, म्हणजे १० अँपिअर. दोन मोलेक्समध्ये पाच-पाच वाटले गेले असं वाटतं ना, पण ते दोन्ही मोलेक्स एकाच वायरवर एकापाठोपाठ होते, म्हणजे सगळे १० अँपिअर एकाच बारीक पिवळ्या तारेतून. मोलेक्सचं पांढरं प्लास्टिक पिनपाशी चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं आणि वास येत होता, फ्यूज जळल्यावर येतो तसा. रिस्टार्ट होत होतं ते नशीबच म्हणायचं. कार्ड लावायची वायर पॉवर सप्लायला मुळातच नसेल तर तो बनवणाऱ्यानेच सांगितलंय की हा कार्डसाठी नाही, कन्व्हर्टर लावणं म्हणजे ते न ऐकणं.

आता नवीन घ्यायचं. इथे दुसरी गंमत. ज्याने काल ५०० पुरतील म्हणून वाद घातला तो आज ८५० च्या खाली यायला तयार नाही. दुकानात फोन केला तर तिथला माणूसही म्हणाला गेमिंगला ८५० च घ्या, डोक्याला ताप नको. एनव्हिडियाने ३०६० साठी पूर्ण सिस्टीम धरून ५५० सांगितलंय, आणि ते असल्या फुगवलेल्या स्टिकरवाल्या डब्यांचा विचार करून जरा सढळच सांगितलेलं असतं. चांगल्या कंपनीच्या ५५० च्या डब्यावर १२ व्होल्टची लाइन ४४-४५ अँपिअरची असते, आपल्याला गेममध्ये लागतात वीस-बावीस, सगळं फुल पळवलं तर २६. म्हणजे ५५० पुरेसं होतं, पुरेसं म्हणजे ओढूनताणून नाही, चांगलं निम्मं.

तरी शेवटी ६५० घेतलं. एक म्हणजे दोन-तीन वर्षांनी तो कार्ड बदलणार हे नक्की, आणि ४०७० च्या पातळीचं कार्ड २०० वॉटचं, त्याला एनव्हिडिया ६५० सांगते. दुसरं म्हणजे आताची कार्डं क्षणभरासाठी रेटिंगच्या बरीच वर उडी मारतात, मीटरवर दिसणारही नाही इतका छोटा क्षण. २०२२ ला आलेल्या एटीएक्स ३.० मध्ये तर पॉवर सप्लायने सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता दुप्पट लोड सहन केला पाहिजे असंच लिहिलंय. म्हणून थोडी मोकळी जागा असावी. ८५० मध्ये वाईट काही नाही, फक्त ते दोन-तीन हजार तू एसएसडीत घाल, असं म्हणलं. एसएसडी म्हणल्यावर लगेच पटलं.

ताईचा प्रश्न वेगळाच होता आणि मला तो जास्त आवडला. "साडेसहाशे वॉट? म्हणजे बिल वाढणार ना रे?"

नाही वाढणार. ६५० ही त्याची ताकद आहे, भूक नाही. मशीन २९० मागत असेल तर २९० च देतो, वर स्वतःच्या नुकसानीपुरतं थोडं भिंतीतून जास्त घेतो. ८० प्लस गोल्ड (वीज किती कमी वाया जाते याचा शिक्का) असलेला निम्म्या लोडवर ९० टक्क्यांच्या आसपास काम देतो, म्हणजे २९० साठी भिंतीतून साधारण ३२०. तेच ७५ टक्क्यांवर चालणारं हलकं एसएमपीएस ३८५ खाणार, वरचे सगळे उष्णता होऊन खोलीतच. पोरगं रोज चार तास खेळलं तर महिन्याला आठेक युनिटचा फरक, म्हणजे बिल झालं तर कमीच होईल. तशी ही काही फार मोठी बचत नाही, गोल्ड हे बिलासाठी घ्यायचं नसतं. आणि ८० प्लसचा तो शिक्का फक्त एफिशियन्सीचा असतो, आतल्या प्रोटेक्शन सर्किटबद्दल तो काही सांगत नाही, शिवाय ती टेस्ट २३ डिग्रीच्या थंड खोलीत होते. नारायण पेठेत एप्रिलात दुपारी तीन वाजता पत्र्याच्या डब्यात काय तापमान असतं ते कॅबिनेटवर हात ठेवून बघा. त्यामुळे मी शिक्क्याआधी तीन गोष्टी बघितल्या, १२ व्होल्टवर किती अँपिअर (यावर ५४ लिहिलेत, ५४ गुणिले १२ म्हणजे ६४८, म्हणजे जवळपास सगळी ताकद खरंच १२ व्होल्टवर मिळते), आतले कपॅसिटर १०५ डिग्रीचे आहेत का, आणि वॉरंटी किती वर्षांची. कंपनी सात वर्षं लिहून देते म्हणजे तिला तरी तो सात वर्षं टिकेल असं वाटतंय. फुकटवाल्याची वॉरंटी बिलावर एक वर्ष होती.

बसवताना एक तास गेला, त्यातला अर्धा नुसता हार्डडिस्कचा पिंजरा काढण्यात. नवा डबा १६० मिमी लांब, जुना १४० चा, मागे वायरींना वळायला जागाच उरेना. कॅबिनेट स्वस्तातलं असेल तर पॉवर सप्लाय घेण्याआधी टेप लावून मोजा, हे मीच विसरलो होतो. पोरगं कुठल्यातरी दुसऱ्या डब्याच्या सॅटा वायरी (हार्डडिस्कला वीज देणाऱ्या) नव्यात खोचू का म्हणत होतं, त्याला जोरात ओरडलो. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या होणाऱ्या पॉवर सप्लायच्या वायरी दुसऱ्या कुठल्याही डब्याला लावायच्या नाहीत, डब्याच्या बाजूची पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी असते, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही, प्लग बरोबर बसतो आणि ५ च्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्डडिस्क जागच्या जागी संपते. प्रोसेसरचा ८ पिन आणि कार्डचा ८ पिनही वेगळे, दिसायला भावंडं पण प्लस-मायनस उलटे, घुसवायला जोर लागत असेल तर थांबा. जुन्याने प्रोसेसरच्या ८ पिनच्या जागी ४ च पिन दिलेल्या, हेही तेव्हाच दिसलं.

संध्याकाळी तीच टेस्ट. डेस्कटॉपवर १२.०८, दोन्ही टेस्ट एकत्र लावून १२.०२, अर्धा तास. ताईने पोहे आणले. प्रकरण मिटलं असं समजून मी घरी गेलो.

गुरुवारी फोन. "मामा, बंद पडला परत."

गुरुवार म्हणल्यावरच माझ्या डोक्यात आलं. आपल्याकडे दुरुस्तीसाठी लाइट घालवायचा वार तो, गेम चालू असताना लाइट गेली, यूपीएसने एकदा पीं केलं आणि सगळं अंधारात. गंमत अशी की जुनं एसएमपीएस होतं तेव्हा कार्ड नव्हतं आणि कार्ड आल्यावर मशीन आधीच मरत होतं, त्यामुळे यूपीएसची परीक्षा कधी झालीच नव्हती. यूपीएस ६०० व्हीएचा. लोकांना ते ६०० वॉट वाटतात, मागे बारीक अक्षरात ३६० वॉट लिहिलेलं असतं. भिंतीतून ३२०, वर मॉनिटरचे २५-३०, राउटरही त्यालाच लावलेला, म्हणजे काठोकाठ. जेव्हा बॅटरीवर जायचं तेव्हा एक छोटी उडीही त्याला सोसत नाही. त्यात या स्वस्त यूपीएसचा आउटपुट नीट साइन वेव्ह नसतो, पायऱ्यापायऱ्यांचा असतो, आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाले (भिंतीतून वीज एकसारखी ओढणारं सर्किट असलेले) नवे पॉवर सप्लाय काही यूपीएसवर त्याला नाक मुरडतात. म्हणून आधी हलक्या लोडवर प्लग काढून बघायला सांगितलं. डेस्कटॉपवर असताना व्यवस्थित उचलत होता, म्हणजे वेव्हचं भांडण नाही, लोडचंच.

१००० व्हीएचा नवा यूपीएस घ्यायचे पैसे ताईकडे लगेच नव्हते आणि मलाही ते गरजेचं वाटलं नाही. आफ्टरबर्नर या कार्डच्या सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डची पॉवर लिमिट ७५ टक्क्यांवर आणली, १७० चे १२७ झाले. गेमच्या सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम थोड्या कमी झाल्या, किती ते विचारलं तर पोराने फक्त तोंड वाकडं केलं. पण भिंतीतून आता २७०-२७५, मॉनिटर धरून ३००, यूपीएसला श्वास घ्यायला जागा. राउटर काढून दुसरीकडे लावला. मग प्लग काढला, पीं पीं करत गेम चालू राहिला, सेव्ह करून शटडाउन करायला दोन-तीन मिनिटं मिळतात, तेवढीच पाहिजेत.

आणि एक राहिलं. ताई पहिल्यापासून म्हणत होती की हे मशीन पुसताना झिणझिण्या येतात, आणि आम्ही दोघं तिला मनाचे खेळ म्हणत होतो. नवा सप्लाय लावल्यावरही येत होत्या. मल्टिमीटर एसीवर टाकून कॅबिनेटचा स्क्रू आणि बाथरूममधला लोखंडी पाइप यांच्यात बघितलं, १०८ व्होल्ट. प्रत्येक पॉवर सप्लायच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून अर्थिंगकडे (जमिनीत जाणाऱ्या सुरक्षेच्या तारेकडे) जोडलेले, म्हणजे थोडीशी गळती अर्थिंगमध्ये जावी अशीच रचना असते. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेट २३० च्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतं. करंट अगदी कमी असतो, पण ओल्या हाताने कळतो. वायरमन आला, भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडला, सॉकेटच्या तिसऱ्या, म्हणजे अर्थिंगच्या पिनला मागे तारच नव्हती, नुसतं भोक होतं. विजेच्या मीटरपासून हिरवी तार ओढून घेतली, तेव्हा मल्टिमीटर शून्यावर आला. ताईने आम्हा दोघांकडे बघितलं, बोलली काही नाही.

जुनं एसएमपीएस भाच्याला मित्राला द्यायचं होतं, त्याच्याकडे पण कार्ड नाही म्हणे, चालेल की. आज नाही, उद्या घेईलच, म्हणून नको म्हणलं. उघडून दुरुस्त करू का असंही विचारत होता, त्यालाही नाही म्हणलं, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात. प्लग काढून दोन दिवस तसंच ठेवलं, मग कटरने सगळ्या वायरी मुळापासून कापल्या आणि ई-वेस्टवाल्याला दिलं. वायरींसकट दिलं असतं तर कोणाच्या तरी कॅबिनेटमध्ये '५०० वॉट फ्री' म्हणून परत बसलं असतं.